आठशे मीटरची चौकशी

माणूस सायकलवर आहे आणि पुढे पोरगी पायी धावते आहे, तर सायकलने तिला ओलांडून निघून जावं की नाही? साधा हिशेब आहे. पण ही सायकल काही ओलांडेना! दीपमाला गावंडे पाण्याच्या टाकीजवळ वळली, तेव्हापासून मागे ते टिक-टिक-टिक सुरू होतं. ती हळू झाली की टिकटिक हळू व्हायची, ती जोरात पळाली की टिकटिकही जोरात...

पौषातली सकाळ. कठोरा रोडच्या आत, शिवपार्वती ले-आऊटमध्ये, नुकतं उजाडत होतं. अर्धे प्लॉट बांधलेले, अर्ध्यांत अजून तूर उभी. रात्री गेलेल्या ट्रकांतला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून पांढरा दिसत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

संशय दीपमालेच्या पाचवीलाच पुजलेला. दूध घेतलं की आधी बोट बुडवून बघणार. रिक्षावाल्यानं जवळचा रस्ता सांगितला की मुद्दाम लांबच्यानं जाणार. चोवीस वर्षांची झाली, पण कोणावर चटकन विश्वास ठेवलाय असं आईबापानंही पाहिलं नव्हतं. ती बुटाची लेस बांधायला वाकली, हळूच एक गोटा उचलला आणि गर्रकन वळली.

"काहून हो? माह्या मागं मागं काहून येऊन राहिले?"

सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. उंच गडी. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली कानटोपी, चष्म्यावर वाफ.

"मी?"

"नाही, तुमच्या मागं बसला हाये थो!"

आणि त्या भल्या माणसानं खरंच मागे वळून पाहिलं. दीपमालेला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. संशयी माणसानं पहिल्या भेटीत हसू नये.

"त्याचं असं हाये..." तो चाचरला, "पुढं कुत्रे हायेत."

"मंग?"

"सायकल दिसली का पिंडरीलेच लागतात. तुमाले पाह्यलं तं शेपट्या हालवतात. काल पाह्यलं म्या. म्हनून म्हटलं, तुमच्या मागं-मागं निंगून जाऊ."

"एवढा मोठा मानूस कुत्र्याले भेते?"

"मोठ्या मानसाच्या पिंडऱ्याई मोठ्या असतात ना, मॅडम!"

वळणावर तीन कुत्री खरंच वाट अडवून बसली होती. सायकल पाहून गुरगुरली. दीपमाला नुसतं "चूप रे" म्हणाली तशी गप्प झाली. सायकलवाला पाय वर घेऊन सुळकन निघून गेला आणि जाता जाता हात हलवला. दीपमालेनं मात्र घर येईपर्यंत गोटा सोडला नाही. कारण तो "काल पाह्यलं" म्हणाला होता. काल? म्हणजे हा कालपासून आपल्याला बघतोय?

दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला गेली, तर डेअरीवाले नत्थुजी डोळे मिचकावत म्हणाले, "दीपमाले, तुही चौकशी चालू हाये बरं का!"

"कोन करून राहिलं?"

"सायकलवाला. अकोल्याचा हाये म्हने. विचारे, गावंडेची पोरगी कशी, बाप काय करते, घरात भांडन-तंटा तं नाही..."

"मंग तुमी काय सांगतलं?"

"सांगतलं, पोरगी सोनं हाये. फकस्त दुधात बोट घालते."

दीपमालेनं बोट न बुडवताच दूध उचललं. आता आपल्या वऱ्हाडात ही रीत कोणाला ठाऊक नाही? मुलगी पाहायला यायच्या आधी मुलाकडचे एक माणूस गुपचूप धाडतात. तो पानठेल्यावर चहा पितो, चक्कीवर गप्पा मारतो, शेजारणीला काकू-काकू करतो. आपण कोण ते तो सांगत नाही, आणि आख्ख्या मोहल्ल्याला तो कोण ते माहीत असतं. पण त्यानं जाऊन "बरोबर वाटत नाही" एवढंच म्हटलं, की मोठमोठी स्थळं फिरतात.

आणि अकोल्याचं स्थळ तर घरात आलेलंच होतं. सुभद्रा आत्यानं आणलं होतं. मुलगा गोपाल, कृषी केंद्राची दोन दुकानं, स्वभावानं गरीब. अट एकच: मुलीनं नोकरी करायची नाही, पोलिसातली तर नाहीच नाही. इकडे दीपमालेची पोलीस भरतीची फिजिकल तीन आठवड्यांवर आली होती. गेल्या वर्षी आठशे मीटरला तीन मिनिटं पाच सेकंद लागली आणि थोडक्यात गाडी हुकली. पूर्ण गुण हवे तर दोन पन्नासच्या आत यायला हवं. बाबांनी, म्हणजे सूर्यभान गावंड्यांनी, साफ सांगून ठेवलं होतं, "त्याच्या आधी स्थळ जमलं, तं भरतीचं नाव काढाचं नाही." बाबांची संत्र्याची दलाली. शेंदूरजनाघाटच्या बागांत शब्दावर सौदे केलेला माणूस, बोललेलं फिरवत नसे.

म्हणजे हे स्थळ मोडायलाच हवं होतं. आणि चौकशीवाला तर आपणहूनच मागे-मागे येत होता! दीपमालेनं ठरवलं, याला असा माल द्यायचा की अकोल्यापर्यंत वास गेला पाहिजे.

"तुमी इथी नवीन दिसता," दुसऱ्या सकाळी तिनं धावता धावता सुरुवात केली.

"हो. मोजनी हापिसात बदली झाली. नाव देवमन."

"देवमन? हे तं म्हाताऱ्याचं नाव हाये."

"आजोबाचंच हाये. वावर काकानं घेतलं, मले नाव भेटलं."

पुन्हा हसू आलं, पुन्हा गिळलं. मग ती एकदम म्हणाली, "मले सैपाक येत नाही बरं."

देवमनची सायकल जराशी हेलपाटली. "...असं का?"

"वरण केलं तं भांडंच फेका लागते."

"बरं."

"घोरते बी मी. शेजारच्याईनं तक्रार केली."

"बाप्पा!"

"अन् भांडखोर हाये. आत्याबाईसंगं रोज भांडते."

"रोज? कोन जिंकते?"

दीपमाला चार पावलं गप्प धावली. "...आत्याबाई."

"मंग तुमी कायच्या भांडखोर? रोज हारनाऱ्याले भांडखोर नाही म्हनत!"

घ्या! हा माणूस काय करायचा? रोज एक नवा दुर्गुण ती शोधून आणायची आणि तो असा काही ऐकून घ्यायचा, की जणू सकाळी सकाळी पेढा मिळाला. हा एवढा खूश का होतो? दीपमालेचा संशय वाढतच चालला.

आठव्या दिवशी तर कहरच झाला. देवमन पहाटे रस्त्यावर टेप अंथरून ओणवा झालेला! मोजणी ऑफिसातला माणूस टेप घेऊन आलाय म्हटल्यावर ले-आऊटमध्ये बोंब उठली, अतिक्रमणवाले आले! लोक ब्लँकेट गुंडाळून बाहेर पडले. कोणी तुळशीच्या कुंड्या आत ओढल्या, कोणी रस्त्यावर आलेल्या पायरीवर चटई टाकून वर बसलं. खुद्द सूर्यभानजींनी कंपाउंडबाहेरचा दगडी ओटा लपवायला त्यावर संत्र्याची खोकी रचली.

आणि हे महाशय मोजत काय होते? तर दीपमालेचा राउंड!

"तुमचा राउंड आठशेचा नाहीच," गुडघे झाडत तो म्हणाला. "आठशे सदतीस भरते."

"खोटं!"

"हे घ्या टेप."

तिनं खरंच मोजलं, एकदा नाही, दोनदा. आठशे सदतीस! वर्षभर ती रोज सदतीस मीटर फुकटचे धावत होती, आणि घड्याळात तीन-आठ पाहून रात्री उशीत तोंड खुपसून रडत होती. पार मूर्खासारखी.

"म्हंजे आठशेले तुमी तीनच्या आसपास हायेतच," देवमन म्हणाला. "दहा सेकंद काढा लागतीन. माह्या मागच्या चाकाले धरून धावा. आता मी पुढं राहतो."

"अन् कुत्रे?"

टेप गुंडाळत तो म्हणाला, "चावले तं चावले."

त्या दिवसापासून सायकल पुढे आणि दीपमाला मागे. शेवटच्या वळणावर तो नुसता ओरडायचा, "ये... ये... ये!" आणि टाकीपाशी फोन बघून आकडा सांगायचा. दोन एकोणसाठ. दोन सत्तावन्न. एक दिवस म्हणाला, "तीन-दोन. आज खराब." वर "होते कदी कदी" असं एक गोड वाक्य लावेल की नाही? नाव नको! दीपमालेनं स्वेटरच्या बाहीत स्वतःचं घड्याळ लपवलं होतं. रोज त्याचा आकडा आणि आपला आकडा ती ताडून पाहायची. उगाच थोडाच विश्वास ठेवायचा?

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. तिच्या कपाळावरचा घाम थंडीत निवत होता, आणि तो तिच्याकडे न बघता सायकलची घंटी पुसत होता.

"विचार. चौकशीत बसते का पाहून घेजो मात्र."

देवमन कानापर्यंत लाल झाला. "कोनती... कोनती चौकशी?"

"मले काय माईत? तुलेच माईत."

"अहो-जाहो बंद झालं वाटते."

"मागं-मागं येनाऱ्याले अहो म्हनत होती. पुढं चालनाऱ्याले काहून म्हनू?"

तो हसला. आणि घंटी पुसतच राहिला, चांगली पाच मिनिटं. विचारायचं ते राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. अकोल्याला गेलाय, नत्थुजींनी सांगितलं. दीपमाला एकटी धावली, तीन-चार लागले. पायांत काही बिघाड नव्हता. कान टिकटिक शोधत होते. टाकीपाशी उभी राहून ती स्वतःवरच चिडली. हाय रे देवा, मले काय होऊन राहिलं? जो आपलं लग्न जमवायला आलाय, तेही दुसऱ्याशी, त्याची आपण वाट बघतोय? आता तिला स्वतःचाच संशय येऊ लागला.

सोमवारी सकाळी अकोल्याचा फोन आला. "योग नाही."

सुभद्रा आत्यानं कपाळावर हात मारला. "चौकशीतच काही तरी निंगालं! एवढं सोन्यासारखं स्थळ, आपोआप कसं फिरते? आता लोकं इचारतीन ना, पोरीत काय खोट हाये म्हून!"

सूर्यभानजींनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "पहाटे कोन्या पोट्ट्याच्या सायकलमागं धावते, हे सगळ्याईले दिसते. म्या पाह्यलं नाही असं समजू नको. उद्यापासून धावनं बंद."

"बाबा, गुरुवारी फिजिकल हाये! तीन दिवस राह्यले!"

"बंद म्हनलं ना."

दीपमाला गच्चीवर गेली आणि वाळत घातलेल्या तुरीशेजारी बसून भडाभडा रडली. स्थळ मोडावं हे तिलाच हवं होतं की! पण असं नव्हे. घोरते, भांडते, वरण करपवते, सगळं तिनंच आपल्या तोंडानं सांगितलं होतं. त्याला गंमत कळतेय, असं वाटलं होतं तिला. आणि तो हसत हसत सगळं पोटात साठवत होता आणि रविवारी त्यानं ते अकोल्यात नेऊन ओतलं! भरती गेली, नाव गेलं... आणि सगळ्यात जास्त दुखत होतं ते हे, की तो तिला आवडायला लागला होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणावर विश्वास टाकायला निघाली, आणि हे फळ.

संध्याकाळी फाटक वाजलं. गच्चीवरून तिनं खाली पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. देवमन!

ती धाडधाड जिना उतरली, पण तोवर तो बैठकीत सूर्यभानजींसमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसेना.

"काका, मी देवमन. अकोल्याच्या गोपालचा आतेभाऊ. चौकशीले मलेच पाठवलं होतं."

चहा गाळणाऱ्या आत्याचा हात तसाच राहिला. साठ वर्षांत तिनं शंभर चौकशीवाले पाहिले असतील, पण आपणहून दारात येऊन 'तो मीच' म्हणणारा हा पहिलाच.

"अन् स्थळ माह्यामुळंच फिरलं," देवमन म्हणाला.

"काय सांगतलं तू तथी?" दीपमाला कडाडली. "मी घोरते म्हून सांगतलं? मले सैपाक येत नाही म्हून?"

"म्हंजे? हे तू सोता सांगतलं याले?" आत्या किंचाळली.

"त्यातलं काहीच नाही सांगतलं," देवमन म्हणाला. "तुमच्या घरावरून रोज जातो मी. वरनाच्या फोडनीचा वास रस्त्यावर येते, अन् फोडनी देनारीचं गानंई."

सूर्यभानजींनी हात वर केला. "नीट सांग. काय खोट दिसली माह्या पोरीत?"

"पोरीत नाही, काका. चौकशीत खोट हाये." हातातलं हेल्मेट त्यानं खाली ठेवलं. "मामाच्या घरी राहून शिकलो मी. मामानं विश्वासानं पाठवलं होतं. पन माही नजरच साफ राह्यली नाही... मले दीपमाला आवडली. चांगलं सांगतलं असतं तं थे गोपालची झाली असती. वाईट सांगतलं असतं तं पाप लागलं असतं. म्हनून मामाले जे हाये थे सांगून टाकलं, अन् म्हटलं, चौकशीले दुसरा मानूस पाठवा."

"मंग?"

"दुसरा मानूस पाठवला नाही. मलेच घराबाहेर पाठवलं. पुन्हा पायरी चढू नको म्हने."

आत्याचा चहा पार निवला. दीपमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

सूर्यभानजी मात्र दलाल माणूस. वरची चार संत्री पाहून खोकं घेणारे नव्हेत. "गोड बोलनारे लय पाह्यले म्या," ते म्हणाले. "तू चौकशी कराले आला. तुही चौकशी कोनी केली?"

देवमन खाली मान घालून उभा राहिला.

"म्या केली," दीपमाला म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"रोज केली, बाबा. हा फोनमधी पाहून टाइम सांगे, अन् मी बाहीतल्या घड्याळात पाहत जावो. मले वाटे, कदी तं खोटं बोलन. मले खूश कराले एखादा सेकंद कमी सांगन. नाही सांगतला. ज्या दिवशी खराब धावली, त्या दिवशी तोंडावर खराब म्हनला. संशय घ्याले काही तरी भेटलं पाह्यजे म्हून शोधत होती मी. नाही भेटलं."

देवमन तिच्याकडे बघतच राहिला. "तू... रोज तपासत होती मले?"

"मंग काय! सोडते का?"

सूर्यभानजींनी लेकीकडे पाहिलं, मग त्या लांबलचक पोराकडे. पोरीनं कोणाची बाजू घेतलेली त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. "लग्नाच्या गोठी आता नको," ते म्हणाले. "गुरुवार होऊन जाऊ दे."

"अन् धावनं?"

"...जाय. पन मी येईन संगं."

आणि ते आले! दोन्ही सकाळी मफलर गुंडाळून, स्कूटरवर. काही बोलले नाहीत, टाकीपाशी उभे राहून फोनचं कोणतं बटन कधी दाबायचं ते देवमनकडून शिकून घेतलं.

गुरुवारी मैदानाच्या जाळीबाहेर दोघं शेजारी शेजारी उभे होते, मध्ये दोन हातांचं अंतर सोडून. शिट्टी झाली. दीपमाला पहिल्या फेरीत पाचवी होती. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर देवमनच्या तोंडून "ये... ये... ये!" निघालंच, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्याहून मोठ्यानं सूर्यभानजी ओरडले, "ये माय, ये!"

ती रेषा ओलांडून पुढे गेली आणि जाळीबाहेर भांडण जुंपलं.

"दोन चव्वेचाळीस!" सूर्यभानजींनी फोन नाचवला.

"काका, दोन अठ्ठेचाळीस."

"अबे, माहा फोन काय खोटा हाये?"

"फोन खोटा नाही. तुमी बटन आधी दाबलं, थे पोचाच्या आधी."

"आपलीच पोरगी हाये बे! चार सेकंदानं काय बिघडते?"

"मंग बी अठ्ठेचाळीसच, काका."

दीपमाला सही करून बाहेर आली, घामानं निथळत, श्वास पुरत नव्हता. "पूर्ण मार्क, बाबा! दोन अठ्ठेचाळीस!"

सूर्यभानजींनी आपल्या फोनकडे पाहिलं. मग देवमनकडे, चांगलं निरखून, बाजारात पाहतात तसं.

"पोट्टा खरा हाये," ते म्हणाले. स्वतःशीच बोलल्यासारखे. मग त्यांनी मफलरानं डोळे पुसले, आणि दोघांकडे पाठ करून रस्त्यावरची वाहनं बघत उभे राहिले.

"देवमन," दीपमाला म्हणाली.

"अं?"

"मले तू आवडतो. लय दिवसापासून."

त्याच्या चष्म्यावर पुन्हा वाफ आली. "किती दिवसापासून?"

"हेच तेवढं म्या मोजलं नाही."

त्यानं फक्त हात पुढे केला आणि तिनं तो धरला, घामेजलेल्या हातानं, कसलीही खात्री न करता.

"झालं का बोलून?" सूर्यभानजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.